पंचेचाळीस चौकोनांची गोधडी



गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आमची नात शिकायला बंगळूरला गेली. तिच्याबरोबर घरून एक गोधडी गेली. तिचा फोटो मुलाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तेव्हापासून बरेच जण विचारतात की ते चौकोन असे लहानाचे मोठे का होत गेलेत, आणि शिवली कुणी? फोनवर सांगायला गेलं की अर्ध्यावर गाडी अडते, म्हणून आज इथे सविस्तर लिहितो. थोडं गणित येईल, पण बेरीज-गुणाकाराच्या पुढे जाणार नाही. मी स्वतः बी. कॉम. आहे, तेव्हा घाबरू नका.

आधी २०२५ या आकड्याची गंमत. त्या वर्षी व्हॉट्सअॅपवर तुम्हीही वाचलं असेल की ४५ चा वर्ग २०२५. असं पूर्ण वर्गाचं साल माणसाच्या वाट्याला बहुधा एकदाच येतं. आधीचं १९३६ (४४ चा वर्ग), पुढचं २११६ (४६ चा). शिवाय २० आणि २५ मिळवले की पुन्हा ४५. अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात, आपल्याच दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या नावाने. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत हयातभर मास्तरकी केली आणि वही-पेन्सिलीवर संख्यांशी खेळत राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला देवळालीचे मास्तर कळले.

नातीची आणि कापरेकरांची ओळख माझ्यामुळे झाली आणि माझी ओळख बँकेमुळे. बँकेत कॉम्प्युटर येण्याआधीचे दिवस ज्यांनी काढले त्यांना आठवत असेल. संध्याकाळी लेजरची बेरीज जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. फरक आला की आमचे जुने हेडक्लार्क पहिल्यांदा विचारायचे, "नवाने जातो का?" फरकाला नवाने भाग गेला, की समजायचं कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत. ५,४६३ च्या जागी ५,६४३ लिहिलं तर फरक येतो १८०, म्हणजे नवाचे वीस पट. का, ते त्या वेळी कुणी सांगितलं नाही. मी घरी बसून काढलं. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की एक अंक दहापटीने वाढतो, दुसरा तितक्याच हिशेबाने घटतो, आणि दहातून एक गेला की नऊ राहतात. एवढंच.

नात चौथीत असताना तिला मी हे शिकवलं आणि पाठोपाठ कापरेकरांचा ६१७४. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारी अंक एकच नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. २०२५ घेऊन बघा: ५२२० वजा ०२२५ म्हणजे ४९९५, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या खेपेला ६१७४. पोरीने त्या दिवशी पेपर टाकणाऱ्या मुलापासून दूधवाल्या भैयापर्यंत सगळ्यांना संख्या विचारल्या. रात्री जेवताना म्हणाली, "आबा, ६१७४ पण नवाने जातो." (जातो, ६८६ वेळा.) "इथे पण आकड्यांची अदलाबदलच आहे ना?" मी हातातला घास तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिलो. मला जे बँकेत दोन वर्षांनी उमगलं, ते हिला वरण-भाताच्या ताटावर उमगलं होतं.

आता जरा घरातली गोष्ट. लिहू की नको असा विचार केला, पण ती गाळली तर गोधडीला अर्थ राहत नाही. मुलाला विचारूनच लिहितोय.

बारावीनंतर मुलाने तिच्यासाठी शहरातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची सीट धरून ठेवली होती, पैसेही भरले होते. हिने इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची परीक्षा दिली होती. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ मध्ये कोलकात्याला काढलेली संस्था. तिचं एक केंद्र बंगळूरला म्हैसूर रोडवर आहे आणि तिथे बी. मॅथ. हा अभ्यासक्रम चालतो. परीक्षा, मग मुलाखत. मोजकीच मुलं घेतात, पण घेतली की फी नावापुरती आणि वर विद्यावेतन. तिचं नाव यादीत आलं. घरात पेढे यायला हवे होते. आली ती शांतता.

मुलगा म्हणाला, "गणित करून पुढे काय? मास्तरीण होणार?" त्याचं म्हणणं वेडेपणाचं होतं असं मुळीच नाही. तो पीथमपूरला कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला आणि पायरी पायरी चढत वर आला. मधल्या मंदीत बरोबरीची मुलं घरी बसलेली त्याने पाहिली आहेत. ज्या विद्येला लगेच नोकरी चिकटलेली नाही, तिची त्याला धास्ती वाटते.

आणि हेच वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, आमच्या रामबागेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. मला होळकर सायन्स कॉलेजात गणित घ्यायचं होतं. वडील एका मिलमध्ये हिशेबनीस. त्या वेळचं इंदूर म्हणजे मिलांचं गाव. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी, सगळ्यांचे भोंगे ओळीने वाजायचे आणि लोक त्यावर घड्याळं लावायचे. वडील म्हणाले, "गणित शिकून मास्तर होशील. कॉमर्स कर, बँकेत चिकटशील." चिकटलो. १९७२ ला लागलो, २०११ ला निवृत्त झालो. दोन मुलांची शिक्षणं, लोकमान्य नगरातलं घर, सगळं त्याच खुर्चीतून झालं. वडील चुकले असं मी आजही म्हणत नाही. पण दोन पिढ्यांच्या पोटाची सोय झाल्यावर तिसरीने मनासारखं शिकायचं नाही, तर मग सोय केली कशासाठी, हा प्रश्न मनात आला. मुलाला तो बोलून दाखवला नाही. बापाने लेकाला त्याच्या लेकीसमोर शिकवू नये, असं आमच्या सौ.चं मत आहे आणि या बाबतीत ती नेहमी बरोबर असते.

सूनबाई मात्र गाजावाजा न करता लेकीच्या बाजूने उभी राहिली. बंगळूरची कागदपत्रं तिनेच जमवली. मुलाने सही केली, पण लेकीशी बोलणं "जेवलीस का?" एवढ्यावर आलं.

अशा वातावरणात जूनच्या मध्यात सौ. म्हणाली, "हिच्याबरोबर गोधडी द्यायची. माझ्या सासूबाईंनी माझ्या लेकीला दिली होती." मी म्हटलं, हॉस्टेलला दोहर विकत मिळते. त्यावर जो कटाक्ष मिळाला तो इथे वर्णन करत नाही. अडचण अशी, की सौ.च्या बोटांना संधिवात. सुई दहा मिनिटं धरली की बोटं आखडतात. सून नोकरीला जाते. उरलो मी. चौऱ्याहत्तर वर्षांचा, दोन्ही डोळ्यांचा मोतिबिंदू काढलेला, आणि शर्टाच्या बटणापलीकडे शिवणाचा अनुभव नाही. "तुम्ही शिवा, मी सांगते," सौ. म्हणाली. ठरलं.

नक्षी नातीने दिली. तिने कागदावर काढून दाखवलं की २०२५ ही १ ते ९ या आकड्यांच्या घनांची बेरीजसुद्धा आहे. १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९. करून बघा, २०२५ भरते. आणि ४५ म्हणजे १ ते ९ ची साधी बेरीज. म्हणजे घनांची बेरीज ही बेरजेचा वर्ग. आर्यभटाने इ. स. ४९९ मधल्या आपल्या ग्रंथात हा नियम दिला आहे. आता हे कापडात कसं बसतं ते बघा. २ चा घन म्हणजे दोन-बाय-दोनचे दोन चौकोन. ३ चा घन म्हणजे तीन-बाय-तीनचे तीन चौकोन. असं करत नऊ-बाय-नऊचे नऊ. एकूण ४५ चौकोन, आणि ते सगळे मिळून ४५ बाय ४५ चा एकच मोठा चौकोन बनतो. कुठे फट नाही, कुठे तुकडा उरत नाही.

मांडणी कोपऱ्यापासून सुरू होते. कोपऱ्यात एकचा इवलासा चौकोन. त्याच्या दोन बाजूंना काटकोनात दोनचा पट्टा, त्याला लागून तीनचा, मग चारचा. विषम आकड्यांना काही त्रास नाही. तीनच्या आधी १ + २ मिळून तीनची बाजू तयार असते, म्हणून एक चौकोन इकडे, एक तिकडे, एक कोपऱ्यात. चारच्या वेळी आधीची बाजू सहाची असते. सहात चार दीड वेळा बसतो. मग दीड चौकोन इकडे, दीड तिकडे, एक कोपऱ्यात. दोन अर्धे मिळून एक होतो, चार चौकोन पुरे. म्हणजे सम आकड्यांचा एक-एक चौकोन मधून कापावा लागतो. म्हणून गोधडीत चौकोन ४५ पण तुकडे ४९ आहेत. ज्यांनी फोटोतले तुकडे मोजून मला चूक दाखवली, त्यांना हे उत्तर.

एक घर दीड इंचाचं धरलं. पंचेचाळीस घरांचे झाले साडेसदुसष्ट इंच. रुंदीला हे पुरेसं, लांबीला पाय बाहेर राहतील, म्हणून वर-खाली नऊ-नऊ इंचांच्या पट्ट्या लावल्या. सगळी मिळून साडेसदुसष्ट बाय साडेपंच्याऐंशी. मी हे लेजरच्या जुन्या कागदावर दोनदा ताळा करून घेतलं. सौ.ने कागद बघून एकच विचारलं, "माया किती सोडली?" शिवणात कडेला दुमडायला जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे मला या वयात कळलं. प्रत्येक बाजूने पाव इंच. म्हणजे दीड इंचाचा चौकोन दोन इंचाचा कापायचा आणि साडेतेराचा चौदाचा. गंमत बघा, चौकोन जितका लहान तितका त्यात मायेचा वाटा जास्त.

कापड कुणाचं हेही आकड्यांवरच ठरलं. नऊच्या नऊ मोठ्या चौकोनांना भरपूर कापड लागतं, तिथे माझ्या आईची नऊवारी. ती ट्रंकेत पडून होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. वर-खालच्या पट्ट्याही तिच्याच काठाच्या. आठ सौ.च्या साडीचे. सात सूनबाईच्या. सहा देवासच्या आजीचे, म्हणजे नातीच्या आईच्या आईचे, त्यांची सुती महेश्वरी. पाच पुण्याच्या आत्याच्या ओढणीचे. चार माझे, बँकेत घालायचो त्या रेघांच्या शर्टाचे. तीन तिच्या बाबांचे. दोन धाकट्या भावाच्या शाळेच्या शर्टाचे. आणि एक तिच्या स्वतःच्या बारशाच्या झबल्याचा. सौ.ची अट एकच होती: सगळं सुती हवं, रेशीम निसटतं, टेरिलीन आटत नाही आणि बाकीचं आटलं की गोधडीला सुरकुत्या पडतात.

सूनबाईने पहिल्याच दिवशी साडी काढून दिली. नातवाने तक्रार केली की दोनच चौकोन आणि त्यातला एक कापलेला. मी त्याला म्हटलं, माझा, आजीचा आणि देवासच्या आजीचाही कापलाय, तुझं काय विशेष! मुलाला विचारलं तेव्हा तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "कपाटातून काहीही घ्या ना." मी उठायला लागलो तर सौ.ने हात धरला. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "घेतलेलं नको. त्याने दिलं पाहिजे. तोवर ती जागा रिकामी राहू दे."

कामाला सुरुवात झाली. शीतलामाता बाजारातून पांढरा जाड सुती दोरा आणि अंगुस्तान आणलं. अस्तराला एक जुनी सुती चादर, मधे आईच्या नऊवारीच्या उरलेल्या कापडाचे दोन थर. दिवाणाच्या बाजूला जमिनीवर अंथरून खडूने घरं आखली. तुकड्यांच्या कडा आत दुमडून, इस्त्री फिरवून, कच्चे टाके घातले आणि मग धावदोरा. दर दीड इंचावर एक ओळ. मुख्य चौकोनात पंचेचाळीस, पट्ट्यांत बारा, एकूण सत्तावन्न ओळी. पहिल्या ओळीला मला पाऊण तास लागला. सौ. खुर्चीवर बसून बघत होती. "टाका तांदळाएवढा हवा, तुमचा शेंगदाण्याएवढा झालाय. उसवा." मी उसवला. बँकेत इन्स्पेक्शनला इतका घाम फुटला नव्हता.

पण आठवडाभरात हात बसला. पहाटे पाचला उठून चहा, मग दोन ओळी. दुपारी झोप सोडून दोन. पाऊस सुरू झाला तसा उजेड कमी झाला, मग नातवाने टेबल-लॅम्प आणून दिला. सानंदचं एक नाटक बुडालं, त्याचं सौ.ला वाईट वाटलं, मला नाही. सुई खाली जाते, वर येते, डोकं रिकामं होतं. पूर्वी आमच्या रामबागेत दिवाळी झाली की बायका ओसरीवर गोधड्या घालायच्या. एकीची गोधडी, चार कोपऱ्यांना चौघी, आणि तोंडाने सगळ्या गावाचा हिशेब. आम्ही पोरं खाली घुसून सुयांची टोकं चुकवत लपाछपी खेळायचो. कुणी गोधडी म्हणायचं, कुणी वाकळ, शेजारच्या माळवी बाई गुदडी. बंगालात कांथा, कारवारकडच्या सिद्दी बायकांची कवंदी. नाव काहीही असो, मूळ एकच: झिजलेलं कापड एकावर एक ठेवलं की पुन्हा उबेला येतं.

शिवता शिवता नात एकदा मार्जरी राइस या बाईंची गोष्ट सांगत होती. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या गृहिणी, गणित शाळेपुरतं. त्याच १९७५ साली त्याच गार्डनरचा पंचकोनी फरश्यांवरचा लेख त्यांच्या वाचनात आला. कुठल्या आकाराच्या पंचकोनांनी फट न ठेवता जमीन झाकता येते, असा तो प्रश्न. बाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकृत्या काढत काढत चार नवे प्रकार शोधले, जे मोठ्या गणितज्ञांच्या नजरेतून सुटले होते. सौ. ऐकत होती. म्हणाली, "ओट्यावर उभं राहिलं की बऱ्याच गोष्टी सुचतात. लिहून ठेवायला कुणी कागद देत नाही, एवढंच."

जुलै संपत आला. सगळं भरलं होतं, फक्त डोक्याकडच्या कोपऱ्यात तीनचा काटकोन पांढरा राहिला होता. एका बाजूला एक आणि दोन, दुसऱ्या बाजूला माझे रेघांचे चार. जाता-येता सगळ्यांना दिसायचा, कुणी काही बोलायचं नाही. एका रात्री मुलगा कामावरून उशिरा आला. पाणी प्यायला उभा होता, तिथून बघून म्हणाला, "हे रिकामं का?" मी म्हटलं, "तिथे तीन येतात." तो आत निघून गेला.

दोन दिवसांनी सकाळी माझ्या चष्म्याच्या डबीखाली एक घडी केलेला निळा शर्ट होता. त्याच्या पहिल्या नोकरीतला, शॉप-फ्लोअरवरचा. खिशावरचा कंपनीचा बिल्ला उसवलेला, त्या जागी जरा गडद निळं राहिलेलं. तो शर्ट त्याने इतकी वर्षं ठेवलाय हे मला माहीत नव्हतं, सौ.लाही नव्हतं. धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, "किती लागेल?"

"तीन चौकोन. साडेचार-साडेचार इंचांचे."

"बस, एवढंच? आईचे आठ, माझे तीनच?"

"साडीत कापड जास्त असतं रे बाबा."

तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. मग खाली बसला, खडूच्या रेघा बघत राहिला आणि म्हणाला, "बाबा, मला जे वाटतं ते मी बदललेलं नाही. मला भीती वाटते, एवढंच."

मी म्हटलं, "बदलू नकोस. भीती मलाही वाटते. कापड दिलंस, पुरे."

ते तीन चौकोन त्यानेच कापले. मोजपट्टी धरायला त्याचा हात माझ्यापेक्षा पक्का, शेवटी कारखान्यातला माणूस. खिशावरचा तो गडद तुकडा त्याने मुद्दाम कोपऱ्याच्या चौकोनात येईल असा धरला. नात दारातून बघत होती. तिला मी खूण केली, आत येऊ नको. बापलेकीचं काय व्हायचं ते गोधडीला साक्षी ठेवून व्हायला हवंच असं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सामानाचं वजन केलं. विमानात पंधरा किलोची मुभा आणि बॅग भरली पावणेसतरा किलो. त्यात गोधडीच दोन किलो चारशे ग्रॅम. नात शेवेचा आणि चिवड्याचा डबा काढायला लागली. एका इंदूरी मुलीने शेव मागे ठेवणं म्हणजे काय, ते तुम्ही जाणता. मुलगा तिला सोडायला जाणार होता. त्याने काही न बोलता गोधडी उचलली, गुंडाळी केली आणि आपल्या खांद्यावरच्या बॅगेत कोंबली. त्याचे कपडे मग एका पिशवीत गेले. शेव बंगळूरला पोचली.

दिवाळीत नात आली तेव्हा गोधडीही घेऊन आली, धुवायला. बंगळूरला थंडी बेताची, पण रात्री पांघरायला बरोबर होते म्हणाली. माझ्या सुरुवातीच्या दोन ओळी सुटल्या होत्या. त्या तिने आजीजवळ बसून स्वतः घातल्या, टाका तांदळाएवढा. मुलाने सहज विचारावं तसं विचारलं, "तिथे शिकवतात तरी काय?" तिने त्याला गोधडीपाशी बसवलं आणि दाखवलं, की आपण नवावर थांबलो म्हणून ती नवाची, पण पट्टा लावायची रीत तीच ठेवली तर कुठल्याही आकड्याला जमतं. ते एकदाच सिद्ध करायचं असतं, प्रत्येक आकडा तपासायचा नसतो. तो म्हणाला, "म्हणजे दहावा पट्टा लावला तर बाजू पंचावन्न." ती म्हणाली, "हो, आणि घरं ३०२५." त्यावर तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे कापड संपेपर्यंत चालतं." ती म्हणाली, "बाबा, आमच्या सरांपेक्षा सोपं सांगितलंत."

त्याचं मत पूर्ण बदललं का? नाही. अजून मधून मधून कॉम्प्युटरच्या कोर्सच्या जाहिराती तिला पाठवतो. ती "बघते बाबा" म्हणते. पण आता दर रविवारी फोन असतो आणि तो अर्धा तास चालतो.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी एक सोपा हिशेब. बाळाचं दुपटं करायचं तर पाचपर्यंतच जा. १ ते ५ ची बेरीज १५. एक घर दोन इंचाचं धरलं तर तीस इंचांचं चौकोनी दुपटं होतं. चौकोन १५, तुकडे १७, कारण दोन आणि चार कापावे लागतात. प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी पाव इंच माया विसरू नका. कापड जुनं, सुती आणि घरातल्या माणसांचं. कुणी देत नसेल तर जागा रिकामी ठेवा आणि बाकीचं शिवत राहा.

धाकटा नातू २०२८ मध्ये बारावी होईल. त्याने आत्तापासून विचारलंय, "माझ्या सालाचं काय?" २०२८ हा कुणाचा वर्ग नाही. पण परवा बसून काढलं, २०२८ म्हणजे तीन गुणिले ६७६, आणि ६७६ हा २६ चा वर्ग. सव्वीसचे तीन सारखे चौकोन. त्यांची गोधडी कशी करायची यावर सौ. आणि मी सध्या भांडतोय. दोरा आणून ठेवलाय.